केसाएवढी नदी

तळगावकर सर नव्या माणसाला नाव विचारत नसत. गाव, शिक्षण, नवरा काय करतो, यातलंही काही नाही. मुलुंडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला रुजू झाले त्या सकाळी शिक्षक-खोलीत एक उंच, सडसडीत गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडे पाणी कुठून येतं?"

मला वाटलं, त्यांना तहान लागली आहे. मी पिशवीतला फिरकीचा तांब्या पुढे केला.

"पिण्याचं नव्हे हो. घरात कुठून येतं?"

"नळातून," मी म्हटलं.

"नळातून!" ते सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले. "दूध बाटलीतून, मासे टोपलीतून आणि सूर्य गच्चीवरून. इंग्रजीच्या का तुम्ही?"

मग त्यांनी माझ्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तानसा, वैतरणा, भातसा हे तलाव काढून दाखवले. तिथून मुंबईकडे येणारे अजस्र नळ काढले. चित्र इतकं वाईट होतं की तलाव म्हणजे बटाटे वाटत होते. पण त्यांच्या आवाजात मात्र एखाद्याने आपल्या घरातली माणसं ओळख करून द्यावीत तसा जिव्हाळा होता. "तुमच्या चहात शहापूरचं पाणी आहे, हे विसरू नका," असं म्हणून ते तासाला निघून गेले. माझं नाव त्यांनी त्यानंतर आठवड्याने विचारलं.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं म्हणालात, आजी, इतिहास म्हणजे सनावळ्या आणि भूगोल म्हणजे पाठांतर. बहुतेक ठिकाणी तसंच असतं, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. पण ऐंशी सालानंतरची काही वर्षं मी ज्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीवर बसून वह्या तपासल्या, तो माणूस तुम्हाला माहीत असायला हवा असं वाटलं, म्हणून हे लिहिते आहे.

"लढाई दोन ओळींत, तह दोन तासांत," हा सरांचा खाक्या. पुस्तकात नेमकं उलट असे. लढाईला तीन पानं, आणि तहाची कलमं शेवटी, बारीक टाइपात. सर वर्गात शिरत, फळ्याकडे पाठ करून सांगत, "लढले, दमले, पुष्कळ मेले. पुढे चला." मुलं हिरमुसत.

"सर, तोफा?"

"गंजल्या."

"सर, हत्ती?"

"हत्ती घाबरून पळाले. शहाणे होते. आता तह."

मग वर्गाचे दोन भाग होत. खिडकीकडचे बाक एका राजाचे, दाराकडचे दुसऱ्याचे. आणि इथे सरांचा तो एकमेव नियम लागू होई. आपली बाजू आधी मांडायची नाही. आधी समोरच्याची मांडायची, आणि तीही अशी की समोरचा स्वतः म्हणेल, "हो, हेच म्हणायचं होतं मला." तो हो म्हणेपर्यंत पुन्हा मांडायची. मधे कुणी बोलायचं नाही. मग बाजू बदलायची. खिडकीवाल्यांना दारवाल्यांचं म्हणणं त्यांनाच पटेल असं मांडायला चार-चार प्रयत्न लागत आणि घंटा होऊन जाई.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कपाळाला हात लावत. "तळगावकर, अभ्यासक्रम कुठवर आलाय?"

"दोन्ही बाजू अजून बोलतायत, बाई."

"बोर्डाची परीक्षा थांबणार आहे का त्यांच्यासाठी?"

"नाही. पण बोर्डाची काय बाजू आहे ती मी मांडू का?"

मोठ्या बाई केबिनचं दार लावून घेत.

हा नियम इतिहासापुरता असता तर ठीक होतं. सरांनी तो सगळ्या शाळेला लावला होता. एकदा आठवीतले दोन मुलगे चेंडूवरून एकमेकांच्या उरावर बसले. सरांनी त्यांना व्हरांड्यात समोरासमोर उभं केलं. "बोल रे, याची बाजू मांड."

पहिला नाक पुसत म्हणाला, "याचं म्हणणं आहे, मी एक नंबरचा चोर आहे."

दुसरा लगेच म्हणाला, "हो! हेच म्हणायचं होतं मला!"

"झकास," सर म्हणाले. "पहिल्या फटक्यात एकमत. आता तू याची मांड." आणि मग ती दोघं पोरं हसत सुटली, चेंडू बाजूलाच राहिला. शिक्षक-खोलीतल्या पंख्यावरून माझं आणि शिवणाच्या बाईंचं वाजलं, तेव्हा मला त्यांची सर्दी एखाद्या वकिलासारखी तिसऱ्यांदा मांडावी लागली होती. दोनदा त्या म्हणाल्या होत्या, "छे, एवढीशी नाहीये माझी सर्दी."

भूगोलाच्या सहलीला सर वर्ग घेऊन जात ते शाळेमागच्या नाल्याच्या काठाने, थेट पूर्वेकडे मिठागरांपर्यंत. एका मुलीची आई तणतणत आली. "सहल सांगून गटाराकाठी फिरवलंत पोरांना?"

"ताई, समुद्राला जाऊन मिळतो तो," सर म्हणाले. "तुमच्या-माझ्या आधी."

आता या माणसाचे जिवलग मित्र कोण, तर चित्रकलेचे साळवे सर. तळगावकर मालवणच्या आतल्या कुठल्याशा खेड्यातले, जिथे चार महिने माणूस भिजलेलाच असतो. साळवे मराठवाड्यातले, परतूरकडचे, दुधना नदीच्या काठचे. तिथे ढग दिसला तर माणसं घराबाहेर येऊन बघतात. तळगावकर अखंड बोलत, साळवे दिवसाला मोजकं बोलत आणि तेही मिशीतल्या मिशीत. पण मधल्या सुट्टीत दोघांचे डबे एकत्र उघडत. साळवेंच्या डब्यात भाकरी आणि ठेचा असे. तळगावकरांच्या डब्यात स्टोव्हवर स्वतः केलेला भात, आणि त्याबरोबर जे काय असेल त्याला ते "सार" म्हणत. बाकी कुणी म्हणत नसे. कारण सर एकटे राहत, स्टेशनजवळच्या चाळीत. म्हाताऱ्या आईला बघायला म्हणून बायको गावी राहिली होती. पुढे आई गेली, तरी ती राहिलीच. सर वर्षातून दोनदा गावी जात, गणपतीला आणि मे महिन्यात. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणत, "चाललंय ना." हा एकच विषय असा होता ज्यावर ते दोन शब्दांत आटपत.

सरांना चित्र काढता येत नसल्यामुळे त्यांच्या तासाआधी साळवे सर वर्गात जाऊन फळ्यावर नकाशा काढून ठेवत. रंगीत खडूंनी, एका दमात, न पुसता. मग जिन्याच्या मोठ्या भिंतीवर महाराष्ट्राचा कायमचा नकाशा रंगवायचं ठरलं. दिवाळीची सगळी सुट्टी साळवे शिडीवर आणि तळगावकर शिडीखाली. "सह्याद्री जरा उजवीकडे घ्या," "खानदेशाला किती हिरवा लावताय, साळवे, लोक फसतील." मी एकदा वह्या आणायला गेले होते, तेव्हा दोघं पायरीवर बसून शेंगदाणे खात नकाशाकडे बघत होते. नव्या घराकडे बघावं तसे.

सुट्टी संपल्यावर उद्घाटन झालं. संस्थेचे अध्यक्ष आले, पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या. शेवटचे दोन दिवस सरांना ताप होता, त्यामुळे पुरा झालेला नकाशा ते तेव्हाच पाहत होते. सगळे भिंतभर पाहत होते आणि सर मात्र वाकून खाली डाव्या कोपऱ्यात बघत होते. मग ते सरळ झाले. आभार मानायचं काम त्यांच्याकडे होतं. ते म्हणाले, "नकाशा उत्तम आहे. फक्त अपुरा आहे. आमची नदी नाही."

साळवे हळूच म्हणाले, "सर, प्रमाणात बसत नाही ती. या मापात केसाएवढी येईल."

"मग केसाएवढी काढायची!"

"तेवढा बारीक ब्रश मिळत नाही. आणि ओढा आहे हो तो."

पाहुण्यांत हसू पिकलं. तळगावकरांचे कान लाल झाले. आणि तो आयुष्यभर दोन्ही बाजू मांडायला लावणारा माणूस अध्यक्षांसमोर, सगळ्या शाळेसमोर म्हणाला, "वा! उन्हाळ्यात जिच्यात गाढवं लोळतात ती तुमची दुधना काढलीत बोटाएवढी जाड, आणि जिला बारा महिने पाणी ती आमची गायब!"

लोक आणखी मोठ्याने हसले. साळवे हसले नाहीत. त्यांनी ब्रश पुसले, डब्यात ठेवले आणि ते जिना चढून निघून गेले.

त्या दिवसापासून अबोला. डबे दोन टोकांना उघडू लागले. आणि सरांवर स्वतः फळ्यावर नकाशा काढायची पाळी आली. त्यांचा महाराष्ट्र म्हणजे उठू पाहणारी म्हैस. मुलं विचारत, "सर, कोकण कुठेय?" सर म्हणत, "खडू संपला तिथे आहे." साळवे व्हरांड्यातून जाताना खिडकीतून ती म्हैस पाहत आणि दात दुखल्यासारखा चेहरा करून पुढे जात. पण मधल्या सुट्टीनंतर पाहावं तर म्हशीची किनारपट्टी कुणीतरी नीट केलेली असे. कुणी, ते कुणी विचारत नसे. सरही त्या किनाऱ्यावरून बोट फिरवून मुकाट्याने शिकवत.

असा हिवाळा गेला. आणि आम्ही सगळे कॅलेंडरकडे पाहू लागलो, कारण एप्रिलअखेर साळवे निवृत्त होणार होते. मुलुंडची खोली सोडून परतूरला जाणार होते. एकदा माणूस तिकडे गेला, की पुन्हा भेट कुठली?

मार्चमध्ये एक दिवस सर माझ्या टेबलाशी येऊन रेंगाळले. "बाई, तुमच्या इंग्रजीत माफी मागणं सोपं असतं म्हणे?"

"सॉरी म्हणायचं. झालं."

त्यांनी तो शब्द दोनदा तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिला. "लहान आहे. झाल्या गोष्टीच्या प्रमाणात बसत नाही," म्हणाले आणि गेले.

शेवटी विषयाला तोंड फोडलं ते नववी 'ब'च्या सुरेखाने. ही वर्गाची मॉनिटर, जिभेला हाड नसलेली. कुठल्यातरी तहाची चर्चा चालू असताना तिने हात वर केला. "सर, तुमचा आणि साळवे सरांचा तह कधी?"

सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं. फळ्यावरचा नकाशा पुसला. मग दार उघडून म्हणाले, "सुरेखा, आत ये. बोलव त्यांना. तू चालव."

साळवेंना आणायला अर्धा वर्ग गेला. ते म्हणे आधी नको म्हणाले, मग म्हणाले, "मुलांनी शिस्तीत बोलावलंय म्हणून येतो. त्यांच्यासाठी नाही." मला साक्षीदार म्हणून शेजारच्या वर्गातून ओढून नेलं. दोघं वयस्क माणसं समोरासमोरच्या बाकांवर बसली. गुडघे बाकात मावत नव्हते.

"आधी समोरच्याची बाजू," सुरेखा म्हणाली. "साळवे सर, तुम्ही."

साळवे मिशीतल्या मिशीत म्हणाले, "तळगावकर सरांचं म्हणणं असं की महाराष्ट्र हा त्यांच्या ओढ्यातून वर आला."

वर्ग खदखदून हसला. "असं मी कधीही..." सर उसळले.

"सर, मधे बोलायचं नाही. हो की नाही, एवढंच."

"नाही!"

"साळवे सर, पुन्हा मांडा."

 साळवे बोटांना लागलेला रंग खरवडत राहिले. मग बोलू लागले, तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा स्पष्ट होता. "तळगावकर सर वर्षातून दोनदा गावी जातात. एस.टी. नदीच्या अलीकडे थांबते. पुढे गाडी जात नाही. सामान डोक्यावर घेऊन साकवावरून, म्हणजे लाकडी पुलावरून, पलीकडे जायचं. पलीकडे त्यांची बायको उभी असते. ती हात वगैरे करत नाही. नुसती उभी असते. हे साकवावर चालू लागले की मुंबई संपते. यांचं म्हणणं असं आहे, की भिंतीवर सगळा महाराष्ट्र आहे, आणि ती जिथे उभी असते तेवढी जागा नाही."

 सरांनी चष्मा काढला होता.

"सर?" सुरेखाने विचारलं. तिचाही आवाज उतरला होता. "हो की नाही?"

"हो," सर म्हणाले. "हेच म्हणायचं होतं."

"आता तुम्ही."

 "साळवेंची दुधना उन्हाळ्यात कोरडी पडते," सर म्हणाले. "ते लहान असताना गावाची विहीर त्यांच्या वस्तीला बंद होती. कुणीतरी वरून पाणी ओतलं तर मिळायचं. तासन् तास घागर पुढे ठेवून हात जोडून उभं राहायचं. पण नदी कोरडी झाली की तिच्या वाळूत हाताने खड्डा करता यायचा. थोडं थांबलं की त्यात पाणी साचायचं. त्यांची आई वाटीवाटीने ते भरायची. त्या पाण्याला कुणाची परवानगी लागत नव्हती." सरांनी चष्मा पुन्हा लावला. "म्हणून त्यांनी ती जाड काढली. ती तेवढीच आहे. मला हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी एकट्या मलाच सांगितलं होतं. ठाऊक असून मी चारचौघांत गाढवं म्हणालो."

साळवेंनी बाकावरच्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हो."

"कलमं सांगा," सुरेखा म्हणाली. ती नियमाची पक्की होती.

"नदी काढतो मी," साळवे म्हणाले. "ब्रशचा एक केस ठेवून बाकीचे कापतो."

"काही काढायची नाही," सर गरजले. "प्रमाण म्हणजे प्रमाण! उद्या रत्नागिरीवाले आपापले ओहोळ घेऊन येतील. कलम एक. साळवेंनी परतूरला जायच्या आधी आमच्या गावी यायचं आणि नदी आहे की ओढा, ते डोळ्यांनी बघून ठरवायचं."

मे महिन्यात साळवे पती-पत्नी खरोखरच त्यांच्याबरोबर गेले. जूनमध्ये शाळा उघडली. साळवेंच्या जागी चित्रकलेला एक नवीन बाई आल्या होत्या. सर मस्टरवर सही करत होते, तेव्हा मी विचारलं, "काय ठरलं मग? नदी की ओढा?"

"ओढा," सर म्हणाले. "साळवे अर्धा तास पाण्यात पाय सोडून बसले, आणि म्हणाले, ओढाच आहे. पण चांगला आहे."

मी हसले. सर हसले नाहीत. पेनाचं टोपण लावत, काढत राहिले.

"बाई, उतरलो तेव्हा आमची मंडळी उभी होती, नेहमीप्रमाणे. साळवेंनी तिला सहज विचारलं, वहिनी, आम्ही आज येणार हे कसं कळलं? पत्र तर मिळालेलं नव्हतं." सरांनी पेन खिशाला लावलं. "ती म्हणाली, कळूक कित्याक व्हया? कपडे धुवक येतंय, मगे गाडी येयसर थांबतंय. साळवे म्हणाले, गाडी येईपर्यंत थांबता? रोज? ती म्हणाली, गाडी रोज येता मा."

बाहेर घंटा झाली. मुलांचा लोंढा जिन्यावरून वर यायला लागला.

"एवढी वर्षं मी समजत होतो, की मी यायचा असतो म्हणून ती तिथे येते," सर म्हणाले. "सगळ्या जगाला विचारत फिरलो. तिला कधी विचारलं नाही."

 सरांनी खडूची पेटी उचलली, दारापर्यंत गेले, आणि परत आले.

"बाई, तुम्ही व्यवस्थित माणूस आहात, म्हणून विचारतो," ते म्हणाले. "दोन माणसांच्या घराला गॅसचा नंबर लावायचा असेल, तर कुठे जावं लागतं हो?"